बेडपॅनची लाज

"पॉलिन्यूरायटिस," डॉक्टर म्हणाले आणि हातातली छोटी रबरी हातोडी त्यांनी खिशात टाकली. माझ्या गुडघ्यांवर ती चार-पाच वेळा मारून झाली होती. हातोडी लागली की पाय आपोआप उडायला हवा. माझा ढिम्म हलला नव्हता.

शब्द मला कळला नाही, ह्यांनाही कळला नाही. मग डॉक्टरांनी सावकाश समजावलं. मेंदूकडून हातापायांकडे निरोप नेणाऱ्या नसा असतात. त्या नसांना सूज येते आणि निरोप मध्येच अडकतो. पाय जागेवर असतात, पण सांगितलेलं ऐकत नाहीत. साधं तापपडसं होऊन गेल्यावर एखाद्याला असं होतं. का होतं, ते नीटसं कुणाला ठाऊक नाही. "बहुतेक पेशंट बरे होतात," ते म्हणाले, "पण वेळ लागतो. आणि सुरुवातीचे दिवस श्वासावर नजर ठेवावी लागेल."

बरे होतात, एवढं ऐकून ह्यांनी हात जोडले. माझं लक्ष दुसरीकडेच होतं. मला केव्हाची लघवीला लागली होती, आणि चार पुरुषमाणसांत ते सांगायचं कसं, ते सुचत नव्हतं.

हे लिहितानाही कानाच्या पाळ्या गरम होतात. तरी लिहिते आहे. त्या आजाराने माझे जेवढे हाल केले, त्याहून जास्त माझ्या लाजेने केले. आजाराचं सगळे विचारतात. लाजेचं कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून कुणी सांगतही नाही. तुमच्यापैकी कुणावर अंथरुणात पडायची वेळ आली, तर निदान एवढं कळावं की आणखी एक बाई अशीच पडली होती आणि तिने मूर्खपणा केला होता.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आम्ही देवळाली प्रवऱ्याला मळ्यात राहायचो. भोवती ऊस, दाराजवळून कालव्याच्या पाण्याची चारी. मला दिवाळीत ताप आला आणि गेला. मग पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. एकदा चालता चालता एका पायातली चप्पल मागे राहिली आणि मला पत्ताच नाही. पुढे भरलेला हंडा उचलताना गुडघे वाकले ते वाकलेच. राहुरीच्या डॉक्टरांनी ताकदीचं इंजेक्शन दिलं. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे, उतरवून घ्या. एका सकाळी चुलीपुढून उठताच येईना, तेव्हा ह्यांनी एका ओळखीच्याची जीप आणली आणि मला नगरला नेलं.

दवाखान्यात पहिल्यांदा लंबर पंक्चर केलं. म्हणजे कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी धरून, पाठीच्या मणक्यांमधून सुईने थोडं पाणी काढतात आणि तपासायला पाठवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण दुखतं ते बेताचंच. नंतर उशी न घेता उताणं पडून राहायचं. पुढे डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन मला एका श्वासात आकडे म्हणायला लावत. आकडे कमी भरले तर श्वासाचे स्नायू थकले असं समजायचं. मी जीव खाऊन आकडे म्हणायची. तोवर हातही गेले होते. पेला धरायला गेले की बोटं उघडीच राहायची.

बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नसत. माझी आई लग्नाआधीच वारलेली. दोन्ही मुलं जावेपाशी ठेवली आणि माझ्या उशाशी आल्या त्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात.

ह्या आत्याबाईंसमोर मी कधी खाटेवर बसले नव्हते. त्या ओसरीत आल्या की मी उठायची. डोक्यावरचा पदर सरकू द्यायची नाही. सणासुदीला त्यांचे पाय धुवायची. सगळ्या सुना करतात तेच मी करत होते. आणि आता त्या माझ्या खाटेशी वाकून माझ्या कमरेखाली बेडपॅन सरकवत होत्या.

बेडपॅन म्हणजे अंथरुणातच विधी उरकायचं चपटं भांडं. तिथलं पांढऱ्या मुलाम्याचं होतं, कडेला टवके उडालेलं आणि थंडगार. त्यावर बसवायला एकाने पेशंटला कमरेत उचलायचं, दुसऱ्याने भांडं सारायचं. आयाबाई कधी असे, कधी नसे. मग आत्याबाई एकट्याच माझ्या पाठीखाली हात घालत. कष्टाने काटक झालेली बाई, पण वय झालंच होतं. उचलताना त्यांच्या तोंडून हुंकार निघायचा. मग पुसणं, धुणं, लुगडं नीट करणं. भांडं पदराआड धरून त्या वॉर्डाच्या टोकापर्यंत जायच्या आणि मी डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटले की आपण कुणाला दिसत नाही, असं लहान पोरांना वाटतं तसं.

मी नगरच्याच कोरड्या कर्जतकडची. आमच्या गावाला उन्हाळ्यात घागरीसाठी विहिरीत उतरावं लागे. तहान लागली की लगेच पाणी प्यायचं, ही चैन मला लहानपणी माहीतच नव्हती. तहान मारायची सवय अंगात मुरलेली. ती इथे कामी येईल असं मला वाटलं. पाणी कमी प्यायलं की भांडं कमी लागेल, असा साधा हिशेब मी मनाशी केला.

सकाळचा चहा मी एका घोटावर आणला. आत्याबाईंनी पेला तोंडाला लावला की ओठ ओले करायची आणि मान वळवायची. भाकरी दुधात कुस्करून आणली की पोट भरलं म्हणायची. "अगं, चिमनीवानी खातीस," त्या करवादायच्या. मी हसून दाखवायची. भांडं दिवसातून एकदाच लागू लागलं. मला तर मोठा विजय मिळाल्यासारखं झालं. अंगातला एकही अवयव माझं ऐकत नव्हता, पण एवढी एक गोष्ट माझ्या हातात होती, आणि त्याचा मला चक्क गर्व वाटत होता.

मग थंडी वाजून ताप भरला. ओटीपोटात आग पडली. लघवी थेंब थेंब, लालसर आणि दुखरी. डॉक्टरांनी ती तपासायला पाठवली. संध्याकाळी ते रिपोर्ट घेऊन आले. "युरिनरी इन्फेक्शन आहे," ते म्हणाले. म्हणजे लघवीच्या मार्गात जंतू वाढून पू झाला होता. "हे वर किडनीपर्यंत गेलं तर नसांचं दुखणं राहील बाजूला. बाई, तुम्ही पाणी किती पिता?"

आत्याबाई म्हणाल्या, "मी पाजते की. मागंल तवा देते."

शेजारच्या खाटेवर शरीफाबी होत्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या, बोलक्या. त्या भिंतीला टेकून सगळं बघायच्या. "ती मागतच न्हाई डाक्टर," त्या म्हणाल्या. "व्हट भिजवती आन त्वांड फिरवती. मी रोज बघते."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "का हो?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. सिस्टर सुई हातात धरून थांबली होती. मला रडू फुटलं, आणि रडताना नाकही पुसता येईना, ते आत्याबाईंनीच पुसलं. मी म्हणाले, "आत्याबाईंना सारखं सारखं उचलावं लागतं. भांडं न्यावं लागतं. मला लाज वाटते."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं, की आता कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी नळी, घालावी लागेल, इंजेक्शनं होतील, आणि घरी जायचं आणखी लांबेल. "तुम्हाला लोकांवर कमीत कमी भार टाकायचा होता ना? तो वाढला," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आत्याबाई व्हरांड्यात निघून गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. खिडकीतून दिसत होतं, त्या खाली बसून मिश्री घासत होत्या. मिश्री त्या फक्त सकाळी लावायच्या. परत आल्या त्या तोंड धुऊन. खाटेच्या कडेला बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या हाताची किळस आली व्हय तुला?"

"नाही हो आत्याबाई. माझीच आली."

त्यांनी पेल्यात पाणी ओतलं. "मी म्हातारी झाले म्हंजे मला कोन उचलनार हाय? तूच ना? का शेजारीन यील?" मी मान हलवली. "मंग तवा मी बी पानी सोडू का? तशी मरू?"

त्यांनी पेला माझ्या ओठाला लावला. मी तो सगळा प्यायले. त्यांनी दुसरा भरला. मी तोही प्यायले. माझी तहान इतकी साचली होती, हे मला तेव्हा कळलं.

लाज त्या दिवशी गेली, असं मी म्हणणार नाही. ती कमरेखाली भांडं आलं की दर खेपेला यायची. पण ती येऊ दे आणि पाणीही पिऊ, असं मी ठरवलं. ताप उतरला. नळी निघाली.

आधी हात सुधारू लागले. हा आजार पायांकडून वर चढतो आणि वरून खाली उतरतो, असं डॉक्टर म्हणाले होते, ते खरं ठरलं. बोटं मिटू लागली तसं डॉक्टरांनी आत्याबाईंना बजावलं, "आजी, आता घास भरवू नका. सांडू दे. तिला जमेल ते तिला करू द्या. जमणार नाही तिथे ती सांगेल. तिने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही." मग मला म्हणाले, "आणि तुम्ही सांगायचं. बघून ओळखा, असं चालणार नाही."

ह्यातला पहिला भाग आत्याबाईंना जड गेला आणि दुसरा मला. माझ्या हातातला चमचा ताटापासून तोंडापर्यंत येईस्तोवर आमटी मांडीवर सांडायची. आत्याबाई स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायच्या. "आगं ल्हान पोर बी बरं जेवतं," असं पुटपुटायच्या, पण हात काढायच्या नाहीत. शरीफाबींना हसू यायचं आणि टाके दुखायचे. मी मात्र अर्धी भाकरी खायला दुपार लावली तरी पाण्याचा पेला सरकवून द्या, एवढं म्हणायला माझी जीभ उचलत नसे. पेला हाताला लागायचा नाही आणि मी त्याच्याकडे नुसती बघत बसायची.

थंडी सरता सरता घरी आले. ह्यांनी खाटेच्या पायथ्याला जाड दोर बांधला होता, तो ओढून मला उठून बसता येई. सुताराकडून एक खुर्ची करून आणली होती, बसायच्या फळीला मध्ये गोल भोक. ती गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवून पुढे गोणपाटाचा पडदा लावला. मला तिथवर न्यावं लागे, बसल्यावर बाकीचं मी बघे. खालचं भांडं मात्र अजून आत्याबाईच नेत. मी त्यांना तसं सांगत असे, त्या नेत असत. आमचं बरं चाललं होतं.

पुढे काठी घेऊन मी ओसरीपर्यंत, मग चारीपर्यंत चालू लागले. आणि चालता येतंय म्हटल्यावर माझी जुनी खोड पुन्हा वर आली. मला वाटलं, आता हे भांड्याचं प्रकरण संपवायचं.

तेव्हा मळ्यात संडास नव्हते. उजाडायच्या आत वस्तीवरच्या बायका मिळून उसापलीकडच्या पडीकात जात. एकटी कुणी जात नसे. शेजारच्या गोदाकाकू सगळ्यांना दारातून हाक मारत जायच्या. आजारापूर्वी मीही जायची, आणि खरं सांगायचं तर दिवसातल्या मोकळ्या गप्पा काय त्या तेवढ्याच. आता त्या बायकांच्या घोळक्यात काठी टेकत, धापा टाकत जायचं आणि बसताना-उठताना कशाला तरी धरायचं, ते सगळ्यांनी बघायचं, हे मला नको होतं. म्हणून एक दिवस त्यांच्याही आधी मी उठले. आत्याबाई निजलेल्या. टमरेल आणि काठी घेऊन एकटीच निघाले.

जाताना सगळं सुरळीत झालं. बसणं आणि उठणंही एका बाभळीच्या बुंध्याला धरून जमलं. येताना उसाच्या बांधावर चढताना पाय घसरला आणि मी पलीकडच्या सरीत पडले. सरी म्हणजे उसाच्या दोन ओळींमधला पाण्याचा खोलगट पाट. लागलं काही नाही. पण काठी लांब गेली, आणि माझ्या पायांना जमिनीवरून उठणं अजून येत नव्हतं. त्यासाठी गुडघ्यांत जे बळ लागतं, ते सगळ्यात शेवटी येतं.

मी एक उभा ऊस धरून बघितला. तो वाकला. तेवढ्यात बायका आल्याचा आवाज आला. त्या बांधावरूनच चालल्या होत्या, माझ्यापासून फार तर दहा-बारा हात लांब. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हे असं, लुगडं चिखलात माखलेलं, त्यांना दाखवायचं?

कुणीतरी म्हणालं, "सुमनला हाक मारावी का एक दिस? चालाया लागलीया म्हनं."

"नगं," गोदाकाकूंचा आवाज. "तिला लाज वाटंल. तिचं ती यील."

मला मनातून बरं वाटलं, किती समजूतदार आहेत म्हणून. आणि त्या निघून गेल्या. मी तशीच सरीत. त्यांनी माझी लाज सांभाळली होती आणि मी माझी लाज सांभाळली होती, आणि आम्हा सगळ्यांच्या ह्या सांभाळण्यात मला उठवायला कुणी उरलं नव्हतं.

मग पाठीला गार लागलं. आमची पाण्याची पाळी चालू होती, हे मी विसरले होते. चारीचं पाणी सरीत सोडलेलं होतं, ते सरकत सरकत माझ्यापर्यंत आलं. पाणी म्हणजे फावडं घेऊन दारं धरणारा, म्हणजे सरीसरीत पाणी वळवणारा, माणूस आलाच. ते माझे थोरले दीर होते. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर मी तोंड वर करून एक वाक्य बोलले नव्हते. ते पाण्यामागून चालत येणार आणि मला असं बघणार.

तेव्हा मी ओरडले. "गोदाकाकू, मी पडलेय. मला उठता येत नाही. या." आवाज आधी चिरकला, मग मोकळा झाला. मी तेच पुन्हा ओरडले. मला उठता येत नाही, हे मी इतक्या मोठ्याने आधी कधी म्हटलं नव्हतं.

पहिल्यांदा ऐकलं ते दिरांनी. पण ते पुढे आले नाहीत. फावड्याने दोन ढेकळं सरीच्या तोंडाशी ओढली आणि माझ्याकडे येणारं पाणी बंद केलं. मग माझ्याकडे पाठ करून पडीकाच्या दिशेने हाक दिली, "बायांनो, हिकडं या. आमची सुमन पडलीया." आणि बायका येईपर्यंत ते तसेच पाठमोरे उभे राहिले. जरुरीपुरतं केलं आणि त्याच्या पुढे नाही. इतकी नेमकी मदत मला आजवर कुणी केली नसेल.

बायका धावत आल्या. दोघींनी काखेत धरलं, एकीने काठी शोधली. कुणी हळहळलं नाही, उलट हसत होत्या. "अगं, आमी आत्ताच हितनं ग्येलो. तवा का न्हाई बोललीस?" गोदाकाकूंनी विचारलं. मी म्हणाले, "लाज वाटली." त्या म्हणाल्या, "आन तुला लाज वाटंल म्हनून आमी हाक मारीना. बरी जोडी जमली की."

घरी आत्याबाईंनी माझं चिखलाचं लुगडं बघितलं, कढत पाणी काढलं आणि मला ओरडायचं राखून ठेवलं. ते त्यांनी दुपारी, जेवण झाल्यावर, यथेच्छ केलं.

डॉक्टरांनी मला दवाखान्यातच सांगितलं होतं, की बरं होणं म्हणजे कुणाची गरज न लागणं नव्हे. मी ते वाक्य ऐकलं होतं आणि पाठही केलं होतं, पण मी करत होते उलटंच. एक तर सगळं दुसऱ्यांवर टाकून तोंड लपवायचं, नाही तर सगळं एकटीने करायला जाऊन सरीत पडायचं. ह्या दोन्हींच्या मध्ये एक साधी जागा असते. तिथे बसून आपण म्हणायचं असतं, हे मला येतं आणि हे येत नाही. तुमच्या घरात कुणी असं पडलेलं असेल तर त्याला ह्या जागेवर बसायला वेळ द्या. आणि तुम्हीच पडला असाल तर, बाई असा की पुरुष, पाणी सोडू नका.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी ओसरीत जागीच होते. बायकांची पावलं आमच्या दारापाशी आली आणि माझ्या आजारापासूनच्या सवयीप्रमाणे हाक न मारता पुढे निघाली. आत्याबाई अंथरुणात उठून बसल्या होत्या.

"थांबा," मी आतून म्हणाले. "मी येतेय. सपाटीला माझी मी चालते. बांध चढायला तेवढा हात लागतो. आणि उठताना."

बाहेर पावलं थांबली. "मंग हे सांगायला येवढे दिस लावलेस व्हय?" गोदाकाकू म्हणाल्या. "ये. आमी काय पळून चाललो न्हाई."

आत्याबाई माझ्यामागून यायला निघाल्या होत्या, पायात चप्पलही सरकवली होती. त्या क्षणभर दारात थांबल्या, मग परत गेल्या आणि अंगावर वाकळ ओढून झोपल्या.